वाया की वाऱ्या?

परवा नातीनं विचारलं, "आजी, तू एकाच ओळीकडे एवढा वेळ काय बघत बसतेस?" प्रश्न रास्त होता. पडद्यावर माझ्या आईची एक ओवी होती आणि तिच्या शेवटी एक शब्द होता, 'वाया'. हा शब्द खरोखर 'वाया' आहे की 'वाऱ्या', हे मला गेली कित्येक वर्षं ठरवता आलेलं नाही. आई असती तर फोन करून विचारलं असतं. ती २००३ साली गेली.

एका शब्दाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण हा घोळ माझ्या विसरभोळेपणामुळे झालेला नाही, आईच्याही नाही. तो संगणकानं केला. आणि संगणकानं तो का केला हे शोधायला गेले तेव्हा कानपूर, पुणे, कॅलिफोर्निया असा बराच प्रवास (अर्थात पुस्तकांतून आणि पडद्यावरून) घडला. आयुष्यभर मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे एखादी गोष्ट बिघडली की ती दुरुस्त करण्याआधी तिचा इतिहास विचारायची खोड जडली आहे. तोच आज सांगते.

आधी घरची गोष्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नदीकाठच्या पेठांमध्ये जी घरं गेली त्यांत आमच्या दोन खोल्या होत्या. माणसं वाचली. भांडी काही मिळाली, काही नाही. आईची एक जाड, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही होती. तिच्यात तिनं तिच्या आईच्या, आजीच्या आणि स्वतःच्या जात्यावरच्या ओव्या लिहून ठेवल्या होत्या. ती गेली. नंतर चिखलात एक पुठ्ठा सापडला, तो त्याच वहीचा असं आई म्हणायची. मला तो कुठल्याही वहीचा वाटला.

पण ओव्या गेल्या नव्हत्या. त्या आईला पाठ होत्या. पुढे अडतीस वर्षांनी, १९९९ साली, मुलानं एक जुना संगणक घरी आणला. त्यावर मराठी लिहिता यायचं. मग मी ठरवलं, आता वही पुन्हा करायची, आणि या वेळी पाण्यानं जाणार नाही अशी करायची. आई पलंगावर बसून म्हणायची आणि मी एकेक कळ शोधत टंकायची. एक ओवी झाली की ती विचारायची, "लिहिलीस? वाच बघू." मी वाचायची. ती मान हलवायची, किंवा "तसं नाही ग" म्हणायची. पाच महिन्यांत २१२ ओव्या झाल्या. त्यातली अठरा पानं मोठ्या अक्षरांत छापून मी तिला दिली, तिचे डोळे अधू झाले होते म्हणून. बाकीचं फ्लॉपीवर. २००१ साली अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीलाही सगळ्या ओव्या ईमेलनं पाठवल्या. तिला तो मराठी फाँट आधी स्वतःच्या संगणकावर चढवावा लागला, तेव्हा कुठे तिला वाचता आलं.

२००६ साली नवा संगणक आला. जुना भंगारात गेला. फ्लॉपी उघडेना, तिला बुरशी धरली होती. बहिणीकडून ते ईमेल परत मागवलं. उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरं, मधूनच डॉलरचं चिन्ह, कंस, स्वल्पविराम, युरोपातल्या कुठल्याशा भाषांतली टोप्या घातलेली अक्षरं. शब्द एकही नाही. पुरानं नेलं तेव्हा निदान काय गेलं ते दिसलं होतं. इथे सगळं समोर होतं आणि काहीच वाचता येत नव्हतं.

हे का झालं? वाचकहो, हे समजायला छापखान्यातल्या खिळ्यांपासून सुरुवात करावी लागते.

विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला छापलं गेलं. पुढे मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरीचे इतके सुबक खिळे पाडले की संस्कृत ग्रंथ छापायला लांबलांबहून लोक तिथे येत. पण देवनागरी छापणं म्हणजे जुळाऱ्याची कसोटी. रोमन लिपीला मोठी-लहान अक्षरं धरून शंभराच्या आत-बाहेर खिळे पुरतात. आपल्याला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वर-खालच्या मात्रा धरून कित्येकशे लागत. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला तो यासाठीच. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ ऐवजी 'अि', उ ऐवजी 'अु', तीही यासाठीच. यंत्राला लिपी झेपत नव्हती, म्हणून मोठमोठी माणसं लिपीला यंत्राच्या मापानं कापायला निघाली होती. (सावरकरांची ती अक्षरं जुन्या पुस्तकांत अजून भेटतात आणि मुलं त्यांना शुद्धलेखनाच्या चुका समजतात.)

टाइपरायटर आला तेव्हा तर जागा आणखी कमी झाली. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हं, म्हणजे नव्वदाच्या घरात काम भागवायचं. मग युक्ती निघाली. अक्षराचे तुकडे करायचे. कान्याचा दंड वेगळा आणि उरलेला भाग वेगळा. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी दिसते, म्हणून आधी मारायची. रफार, उकार यांच्या कळा मारल्या की गाडा पुढे सरकायचा नाही. गोदरेजनं १९५५ पासून भारतात टाइपरायटर बनवले. तालुक्याच्या गावोगावी टंकलेखनाचे वर्ग निघाले. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, अशा सरकारी परीक्षा आल्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींना त्या प्रमाणपत्रावर नोकऱ्या लागल्या. तेव्हा त्या यंत्राला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं. टाइपरायटर आकार उमटवतो. 'कि' हा शब्द त्याला ठाऊक नाही. एक वेलांटी, मग एक क, एवढंच त्याला कळतं. कागदावर ते चालतं, कारण कागद वाचणार माणूस असतो.

संगणकाला मात्र हे पुरत नाही. त्याला शोधायचं असतं, अकारविल्हे लावायचं असतं, एका ठिकाणचं दुसरीकडे न्यायचं असतं. त्यासाठी आकार साठवून भागत नाही, अक्षर साठवावं लागतं.

आणि गंमत ही की हे आपल्याकडच्या लोकांना फार लवकर कळलं होतं. कानपूरच्या आयआयटीत या विषयावर १९७०च्या दशकापासून काम चाललं होतं. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे 'जिस्ट' नावाचं तंत्र उभं केलं. त्यांनी वर्णमालेकडे वैयाकरणासारखं पाहिलं. क ख ग घ हा क्रम उगाच नाही, उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे. भारतातल्या बहुतेक लिपी ब्राह्मीच्या पोटच्या. त्यांचा आकार वेगळा, पण वर्णांची मांडणी एकच. मग संगणकाच्या पोटात वर्ण उच्चाराच्या क्रमानं साठवायचे, क आणि त्यानंतर इकार, आणि पडद्यावर दाखवताना वेलांटी आधी काढायचं काम यंत्रानं करायचं. जोडाक्षरही तसंच. क, हलन्त, त एवढं साठवायचं, 'क्त' कसा दिसतो ते यंत्र बघून घेईल.

यावरूनच इन्स्क्रिप्ट हा कळफलक बनला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो १९८६ साली प्रमाण ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या कळीवर क त्याच कळीवर शिफ्ट धरून ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. मराठीत क जिथे, तिथेच बंगालीत आणि तमिळमध्येही क. साठवणुकीची पद्धत 'इस्की' या नावानं आली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ती मानक म्हणून जाहीर केली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि जिस्टचं काम तिथे आलं. साध्या संगणकात एक कार्ड बसवलं की डॉस असतानाच मराठी लिहिता यायचं आणि ते खऱ्या अर्थानं मराठीत साठवलं जायचं.

म्हणजे मी १९९९ साली आईच्या ओव्या टंकत बसले होते, तेव्हा त्या नीट जपायची रीत ठरून तेरा वर्षं झाली होती. आणि तिचं काम आमच्याच गावात, गणेशखिंडीत चाललं होतं. तरी ती माझ्यापर्यंत पोचली नाही. का?

माझ्या समजुतीप्रमाणे याची कारणं तीन. पहिलं, सवय. ज्यांची बोटं टाइपरायटरवर तयार झाली होती त्यांना नवा कळफलक नको होता. त्यांचं चूक म्हणवत नाही. चाळीस शब्दांची परीक्षा दिलेल्या माणसाला पुन्हा 'क कुठे आहे' शोधायला लावणं हा अपमानच. दुसरं, छपाई. नव्वदच्या दशकात पेजमेकरसारख्या प्रणालींवर पुस्तकं आणि वर्तमानपत्रं लागायला लागली. छापखान्याला पान देखणं हवं होतं. पोटात काय साठलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, खिळ्यांच्या काळातही नव्हतंच. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. विंडोज ९५, विंडोज ९८ यांना देवनागरी ही लिपी आहे हेच माहीत नव्हतं. अक्षरामागून अक्षर डावीकडून उजवीकडे मांडत जायचं, एवढंच त्यांना येई. वेलांटी मागे उडी मारते, र कधी डोक्यावर चढतो तर कधी पायाशी येतो, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

मग व्यापाऱ्यांनी मधला रस्ता काढला. इंग्रजी अक्षरांना जे क्रमांक दिलेले असतात, त्या क्रमांकांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. जुळाऱ्याच्या पेटीत इंग्रजीच्या खणांतले खिळे काढून मराठी खिळे टाकावेत तसं. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं. शिवाय प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं खण भरले. एकीचा क जिथे, तिथे दुसरीची वेलांटी. कधीकधी एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतही फरक. तो फाँट जवळ असला तर मजकूर मराठी, नसला तर डॉलर आणि कंस. शोधायची सोय नाही, क्रम लावायची सोय नाही. मी एकदा वर्गाचा हजेरीपट अशा फाँटमध्ये टंकून अकारविल्हे लावायला सांगितला होता. वेलांटी आधी साठवल्यामुळे 'विजय' नको तिथे जाऊन बसला. मुलं महिनाभर हसत होती.

थोडक्यात, संगणकाचा आम्ही महागडा टाइपरायटर केला.

आता थोडं साता समुद्रापलीकडे. मला आधी वाटायचं की ही आपलीच रडगाणी, इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं बरं असेल. वाचलं तर तसं नव्हतं. त्यांच्याकडेही लिहिणाऱ्याला विचारून यंत्र घडवण्याचे प्रसंग मोजकेच.

कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे १९७४ साली 'ब्राव्हो' नावाची लेखनप्रणाली झाली. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांची. होती फार पुढारलेली, पण तिच्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे, दुसरीत तीच कळ म्हणजे हुकूम. तिचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. लिहिण्याच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीनं कुणी इंग्रजी 'एडिट' हा शब्द टंकला, तर 'ई' म्हणजे सगळं निवड, 'डी' म्हणजे पुसून टाक, 'आय' म्हणजे आता नवं लिही, आणि उरलेला 'टी' कागदावर. पूर्ण लेख जाऊन त्याच्या जागी एक 'टी'. हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही.

त्याच सुमारास झेरॉक्सच्याच मालकीच्या 'जिन' या शालेय पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेला संगणकावर संपादन करायचं होतं. टिम मॉट आणि लॅरी टेस्लर या दोघांनी एक साधी गोष्ट केली. संपादक काम कसं करतात हे त्यांनी जाऊन पाहिलं. संपादक कात्रीनं परिच्छेद कापत आणि दुसरीकडे डिंकानं चिकटवत. मग १९७५च्या सुमारास तयार झालेल्या 'जिप्सी' या प्रणालीत तसंच करता येऊ लागलं. कापा, चिकटवा. आज जगातली शाळकरी मुलं जे 'कट-पेस्ट' करतात ते पाठ्यपुस्तकाच्या संपादकांच्या टेबलावरून आलं आहे, हे मला एक शिक्षिका म्हणून फार आवडलं. टेस्लरना अवस्थांचा इतका तिटकारा की गाडीच्या पाटीवरही त्यांनी 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. ते २०२० साली वारले.

दुसरे जेफ रास्किन. मॅकिंटॉशचा प्रकल्प १९७९ साली ॲपलमध्ये त्यांनीच सुरू केला, पण पुढे ते बाहेर पडले. त्यांचं यंत्र कॅननच्या नावानं १९८७ साली बाजारात आलं, 'कॅनन कॅट'. त्यात फाइल नावाचा प्रकारच नव्हता. यंत्र चालू करायचं आणि काल जिथे थांबलो तिथून लिहू लागायचं. हवं ते वाक्य शोधायला स्पेसच्या कळीखाली दोन खास कळा, त्यातली एक दाबून धरून शब्द टंकला की तिथे उडी. लेखकाच्या लेखनाला यंत्रानं इजा करू नये आणि स्वस्थ बसून इजा होऊही देऊ नये, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरच्या शपथेसारखं वाटतं. ते यंत्र सुमारे २०,००० विकलं गेलं आणि सहाएक महिन्यांत बंद झालं.

'सेव्ह करा' हा हुकूम आपण इतकी वर्षं निमूट पाळला. पण विचार करा, वहीत लिहिल्यावर वहीला कुणी सांगतं का की आता हे लक्षात ठेव? संगणकाची चालू स्मृती वीज गेली की पुसली जाते, आणि तबकडीवर लिहायला पूर्वी वेळ लागायचा, म्हणून ही जबाबदारी लेखकावर टाकली गेली. ती यंत्राची अडचण होती. पण आपण तिला आपला हलगर्जीपणा समजलो. "सेव्ह केलं नव्हतंस का?" असं विचारलं की आपणच ओशाळं व्हायचं. आपोआप जतन होणं सर्वसाधारण व्हायला एकविसाव्या शतकाचं दुसरं दशक उजाडावं लागलं. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे कादंबरीकार अजून जुन्या डॉसवर 'वर्डस्टार' वापरतात, असं त्यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितलं तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. लिहिताना मध्ये बोलणारं यंत्र कुणाला हवंय?

असो. पुन्हा आपल्या अंगणात येऊ.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक, कुणी कुणाच्या खणात बसायचं नाही. त्यात देवनागरीचा तक्ता घेतला तो आपल्या इस्कीवरूनच. म्हणजे कानपूर-पुण्याचं काम वाया गेलं नाही, ते जगाला फिरून परत आलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी प्रथमच नीट लिहिता येऊ लागली. तिच्याबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. कवी, सुलेखनकार आणि शिक्षक. २००८ साली ते गेले. मराठी लिहिणाऱ्या लाखो लोकांनी त्यांची अक्षरं रोज वापरली आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं.

तरी दार पूर्ण उघडलं नव्हतं. विंडोज एक्सपीत (२००१) ही सोय होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करायची, मग ती मूळ सीडी मागणार. किती घरांत ती सीडी होती? 'गुंतागुंतीच्या लिपी' असं त्या चौकटीसमोर इंग्रजीत लिहिलेलं असे. कोट्यवधी लोक ज्या लिपीत बाराखडी गिरवतात ती यंत्राच्या लेखी गुंतागुंतीची.

मराठीपुरती तर आणखी दोन दुखणी होती. एक 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ'वर चंद्र द्यायला जावं तर पुष्कळदा मध्ये ठिपक्यांचं एक वर्तुळ येऊन बसे. आणि दुसरा आपला अर्धचंद्रासारखा र. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, दर्या की दऱ्या, हा भेद मराठीत अर्थ पालटतो. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये तो लिहायची सोय आहे, खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त. इन्स्क्रिप्टवर इंग्रजी 'जे'च्या कळीवर शिफ्ट धरून तो मिळतो. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही कळफलकावर तसं लिहून येत नाही. मी वर्षभर 'दुसर्या' लिहीत होते, आणि शुद्धलेखनाचे गुण कापण्यात हयात घालवलेल्या बाईला ते किती टोचत असेल ते सांगायला नको.

आता त्या शब्दाकडे.

आईच्या ओव्यांचा तो डॉलर-कंसांचा मजकूर २०१२ साली माझ्या भाच्यानं एका परिवर्तकातून काढून दिला. असे परिवर्तक तोवर बरेच झाले होते. जुन्या फाँटच्या खणांचा तक्ता घ्यायचा, प्रत्येक तुकड्याच्या जागी खरा वर्ण ठेवायचा, वेलांट्या मागच्या पुढे करायच्या. पहिली ओवी पडद्यावर मराठीत उमटली तेव्हा मला रडू आलं. मी ती मोठ्यानं वाचली, अगदी आईनं सांगितल्यावर वाचायचे तशी.

पण दहाव्या-बाराव्या ओवीला ठेच लागली. 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसया' होतं. 'शेजाऱ्यांना' झालं होतं 'शेजायांना'. पाहता पाहता लक्षात आलं की सगळ्या ओव्यांतून तो चंद्रासारखा र नाहीसा झाला आहे. भाच्यानं शोधलं. त्या फाँटमध्ये तो तुकडा १७३ क्रमांकाच्या खणात होता. आणि हा खण मूळचा एका अदृश्य चिन्हाचा, ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तरच दिसणाऱ्या आडव्या रेघेचा. अदृश्य आणि बिनकामाचं समजून ईमेलच्या वाटेत कुठल्यातरी प्रणालीनं ते गाळून टाकलं होतं. फ्लॉपी असती तर ते परत मिळालं असतं. फ्लॉपीला बुरशी.

'दुसया' दुरुस्त करणं सोपं, कारण तसा शब्दच नाही. छापलेल्या अठरा पानांत आणखी काही सुटलं. पण मराठीत काही शब्द असे आहेत की त्यातला र गेला तरी मागे धड शब्दच उरतो. 'दऱ्या'तला र गेला की 'दया'. 'वाऱ्या'तला गेला की 'वाया'. अशा जागा माझ्याकडे सात निघाल्या. सहा मी अर्थावरून लावल्या. वरंध घाटात दया असत नाहीत, दऱ्याच असतात.

सातवी लागत नाही. त्या ओवीत आई तिच्या वडिलांबद्दल बोलते. ते दर आषाढात पंढरीला पायी जात. तिच्या लहानपणी घरात चणचण होती, आजी एकटीच घर ओढायची, हे मी तिच्याकडून ऐकलेलं आहे. शब्द चरणाच्या अगदी शेवटी आहे. 'वाऱ्या' असेल तर लेक बापाच्या वाऱ्या अभिमानानं मोजते आहे. 'वाया' असेल तर ती म्हणते आहे की एवढं चालणं फुकट गेलं, घर मागे तसंच राहिलं. छंदाची मदत नाही, दोन्ही शब्दांत दोनच अक्षरं, दोन्ही गुरू. तिच्या बाकीच्या ओव्यांची मदत नाही, कारण त्यांत अभिमानही आहे आणि तक्रारही. आणि माझी स्वतःचीही मदत नाही. मीच ती टंकली होती, मीच वाचून दाखवली होती, आणि आईनं मान हलवली होती एवढंच आठवतं. कळा शोधण्यात मी इतकी गढले होते की शब्द कानातून बोटात गेला, मनात थांबला नाही.

धाकट्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, वाऱ्याच असणार. आई आजोबांविरुद्ध बोलायची नाही." मला वाटतं, ओवी असते ती त्यासाठीच. जे एरवी बोलायचं नाही ते जात्याशी बोलायचं.

अंदाजानं भरून टाकावं असं पुष्कळदा मनात आलं. कुणाला कळणार आहे? पण तसं केलं तर मी आईच्या तोंडी माझा शब्द घालीन. म्हणून त्या ओवीत मी दोन्ही शब्द ठेवले आहेत, एक ओळीत आणि एक समासात, आणि खाली हे सगळं थोडक्यात लिहिलं आहे.

१९६१ च्या पुराची मला अलीकडे वारंवार आठवण येते. पुरानं वही नेली, पण आईजवळ ओवीचा उच्चार शिल्लक होता, त्यावरून वही पुन्हा झाली. मी संगणकात ठेवला तो अक्षरांचा आकार. आकाराचा एक तुकडा गळाला तेव्हा मागे उच्चार नव्हता. कानपूरच्या त्या मंडळींनी आकार बाजूला ठेवून वर्ण साठवायचा आग्रह का धरला, हे मला एखाद्या लेखातून इतकं कळलं नसतं जितकं या एका ओवीनं कळलं. आणि हेही कळलं, की बरोबर उत्तर सापडणं वेगळं आणि ते पलंगाशेजारी संगणक घेऊन बसलेल्या बाईपर्यंत पोचणं वेगळं. मधला रस्ता बांधायचं काम कुणी आपलं मानलं नाही.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी इन्स्क्रिप्ट शिकले. तीन आठवडे लागले. आता ओव्या युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत आहेत, दोन ठिकाणी. शिवाय कागदावर छापून एक प्रत कपाटाच्या वरच्या खणात आहे, पाण्यापासून उंच. आणि रोज संध्याकाळी नात माझ्याकडून एक ओवी म्हणून घेते, फोनवर आवाज मुद्रित करते. परवा त्या ओवीपाशी आलो. "आजी, मग काय म्हणू, वाया की वाऱ्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दोनदा म्हण.

तिनं दोनदा म्हटली. तूर्तास एवढंच.